बी विंग – फक्त कामाचे मेसेज

सुलभाताई ३०४: खिरापतीचा फोटो ग्रुपवर कोणी टाकला? भोंडला ६ वाजता, फोटो ४:१० ला. आता मुली ओळखणार काय, डोंबल?

मृणाल ५०२: सॉरी काकू, मीच. दडपे पोहे छान दिसत होते म्हणून... डिलीट केलाय.

सुलभाताई ३०४: चिंगी जिन्यातून ‘दडपे पोहे, दडपे पोहे’ ओरडत गेली आत्ता.

उपाध्येकाका १०१: गच्चीची किल्ली कुणाकडे आहे?

निखिल ४०३: फोटो बघून चार जणी जास्त तरी येतील काकू. गेल्या वर्षी ७ होत्या.

सुलभाताई ३०४: त्या का कमी होत्या ते सर्वांना ठाऊक आहे. विषय काढू नये.

मृणाल ५०२: स्पीकरचा ना? 🙏

सुलभाताई ३०४: काढलाच आहेस तर ऐक. ‘कारल्याचा वेल’ ही सासूची टोलवाटोलवी आहे. वेल लाव, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, उष्टं काढ, मग जा माहेरी. आम्ही त्यात मनाची कामं घालून घालून सुनेला तासभर अडकवायचो. तुमच्या लिंकमध्ये अडीच मिनिटांत सून माहेरी. वर ढोलक. मुली फेर धरत नाहीत, पळतात.

निखिल ४०३: सुनेचं भलंच झालं की 😂

देशपांडेवहिनी २०१: सर्व सुनांतर्फे आभार.

मृणाल ५०२: काकू, स्पीकर नसेल तर गाणार कोण? आम्हाला दोन ओळींपुढे येत नाही. तुम्हाला बोलवावं तर गुडघे.

सुलभाताई ३०४: गुडघे ग्रुपवर नकोत.

अंजली ५०४: आमच्या अमरावतीकडे भुलाबाई असते. भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी, महिनाभर. पाटावर हत्ती नाही, मातीचे शंकर-पार्वती. गाणी तीच, पण शब्द गावोगाव वेगळे. काल मी माझ्या आजीचं कडवं म्हटलं तर लेक म्हणते, ‘आई, तू चुकून राहिली, व्हिडिओत असं नाही.’ मी चुकतेय म्हणे!

सुलभाताई ३०४: हेच मी दोन वर्षं सांगतेय. आणि फोटो टाकू नये.

उपाध्येकाका १०१: गच्चीची किल्ली कुणाकडे आहे? टाकी धुणारा खाली उभा आहे.

चेअरमन: हा ग्रुप कामाचा आहे. भोंडला कृपया भोंडल्याच्या ग्रुपवर.

निखिल ४०३: अॅडमिन कोण यावरून तो बंद पडलाय सर.

सुलभाताई ३०४: आज मी येते. खुर्चीवर बसून गाईन, मुलींनी मागून म्हणायचं. पाटावर हत्ती काढलाय ना?

मृणाल ५०२: प्रिंट काढलीय काकू.

सुलभाताई ३०४: प्रिंट.

निखिल ४०३: रंगीत आहे.

सुलभाताई ३०४: खडू घेऊन येते. आणि खिरापतीचा फोटो कोणीही टाकू नये.

अंजली ५०४: दडपे पोहे फुटलेच आहेत, तर मी आणखी एक आणते. आमच्याकडे डबा हलवतात आणि आवाजावरून ओळखायचं. घ्या.

अंजली ५०४: 🎤 व्हॉइस मेसेज ०:०६

देशपांडेवहिनी २०१: लाडू?

सुलभाताई ३०४: लाडू गडगडतात. हे खडखडतंय. मला फोन कानाला लावून ऐकू दे.

मृणाल ५०२: चिंगी म्हणते शंकरपाळे.

अंजली ५०४: नाही 😄

सुलभाताई ३०४: चिक्की. नाही, थांब. बत्तासे!

अंजली ५०४: नाहीच.

उपाध्येकाका १०१: गच्चीची किल्ली?