जिल्ह्याची आपत्कालीन बिनतारी यंत्रणा: आधी डिजिटल संच, की आधी वाडीवर संच?

घाटवाट: रायगड-रत्नागिरीत बिनतारी यंत्रणा सुधारायची म्हटलं की गाडी थेट डिजिटल संचांवर जाते. माझ्या मते पहिला पैसा दरडप्रवण वाड्यांच्या पोलीस पाटलांना साधा व्हीएचएफ संच (समोरासमोर सरळ रेषेत पोचणाऱ्या रेडिओ लहरींवर बोलायचा बिनतारी संच) देण्यावर खर्च व्हावा. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, ते बाहेर कळलं एसटीच्या चालकामुळे. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, तेव्हा महाड पाण्यात होतं आणि फोन बंद. मदत पोचली दुसऱ्या दिवशी.

खोऱ्यातला: भावना पटते, उपाय नाही. व्हीएचएफला मधला डोंगर आडवा येतो. पोलादपूरच्या खोऱ्यातून पाच वॅटचा हातातला संच अलिबागला ऐकू जाणार नाही. आधी माथ्यावर रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पकडून जोरात पुढे पाठवणारी यंत्रं हवीत, तीही डिजिटल. पुरात एकाच चॅनेलवर सगळे एकदम बोलतात आणि कुणाचंच कळत नाही. डीएमआर या डिजिटल पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर दोन संभाषणं चालतात.
शिवाय आमच्या गावाला एकदा दोन संच मिळाले होते. पहिल्याच पावसाळ्यात बॅटऱ्या फुगल्या, संच आजही कपाटात आहेत.

नेटवर्कवाला: यापेक्षा मोबाइल टॉवर पक्के करा. धोक्याचा इशारा आता थेट फोनवर येतो.

घाटवाट: इशारा वरून खाली येतो, वाडीची हाक त्यातून वर जात नाही. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगडकडे वीजही नव्हती आणि रेंजही.
@खोऱ्यातला, रिपीटरचं मान्य, मी ते गृहीतच धरलं होतं. डिजिटलचं नाही. साध्या, म्हणजे ॲनालॉग संचाचा आवाज खरखरत क्षीण होतो, तरी कानाला चार शब्द लागतात. डिजिटल मात्र एका मर्यादेपलीकडे तुटतोच. दरडीखालचा माणूस त्या चार शब्दांवर सापडू शकतो.

दर्यातला: आम्हा मच्छीमारांच्या होड्यांवर व्हीएचएफ असतो, कान चॅनेल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनेलवर. रोज बोलणं होतं म्हणून बिघाड लगेच कळतो. वाड्यांवरही रोज सकाळी हजेरी ठेवा. पाटलाने पर्जन्यमापक बघून पाऊस किती मिलिमीटर पडला ते तहसीलला सांगायचं. बॅटरी तपासली जाईल, आणि कुठल्या डोंगरावर किती पाऊस पडतोय हेही रोज कळेल.

खोऱ्यातला: ही हजेरी मला पटली. आमचे संच कपाटात गेले ते रोज काही बोलायचंच नव्हतं म्हणून. पण रिपीटरची वीज? जुलैत माथ्यावर आठवडाभर धुकं असतं, सौर पॅनेल नावापुरतं. बॅटरी त्या हिशेबाने मोठी घ्यावी लागेल, आणि ती बदलायचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात आधीच धरावा लागेल. डिजिटलबद्दल माझं मत अजून तेच आहे: ज्या दिवशी शंभर वाड्या एकदम हाक मारतील, त्या दिवशी एक चॅनेल पुरणार नाही.

घाटवाट: मग तालुक्याला वेगळा चॅनेल द्या. पण वाडीवरचा संच त्यासाठी अडवू नका, पावसाळा दरवर्षी येतो.