फासबिंडर यांचा ‘कात्सेलमाखर’ : इतकी थंड मांडणी कशासाठी?

प्रश्न :
जर्मन दिग्दर्शक राइनर वेर्नर फासबिंडर यांचा १९६९ सालचा ‘कात्सेलमाखर’ हा चित्रपट नुकताच पाहिला. म्युनिकमधली काही रिकामटेकडी तरुण मंडळी इमारतीसमोरच्या लोखंडी कठड्यावर बसून एकमेकांची उणीदुणी काढत असतात. तिथे यॉर्गोस हा ग्रीक कामगार भाड्याने राहायला येतो, त्याच्याविषयी वावड्या उठतात आणि अखेर त्याला मारहाण होते. विषय एवढा ज्वलंत असताना मांडणी इतकी निश्चल का ठेवली असावी? यॉर्गोस येईपर्यंत तर मी पुरता कंटाळलो होतो.

प्रतिसाद १ :
तो कंटाळा हेतुपुरस्सर आहे, असे माझे मत आहे. यॉर्गोस येण्यापूर्वीच ही माणसे एकमेकांना थपडा मारतात, पैशांसाठी नाती वापरतात. त्यामुळे द्वेष त्याच्यासोबत आलेला नाही, त्याला फक्त नवे लक्ष्य मिळाले आहे, हे आपल्या लक्षात येते. त्यांच्यातल्या गुंडा नावाच्या तरुणीला यॉर्गोस दाद देत नाही, तेव्हा तीच त्याने अंगावर हात टाकल्याचे सांगत सुटते आणि एकालाही शहानिशा करावीशी वाटत नाही.

प्रतिसाद २ :
हे मूळचे फासबिंडर यांचेच १९६८ सालचे नाटक आहे, हेही ध्यानात घ्यावे. कॅमेरा जवळजवळ सर्वत्र समोर खिळलेला असतो. अपवाद एकाच प्रकारच्या दृश्यांचा : दोघे जण हातात हात घालून चालत येतात, कॅमेरा त्यांच्यासमोर राहून उलटा सरकत जातो आणि पियानोवर शूबर्ट या संगीतकाराची रचना वाजत असते. एवढ्या नाजूक सुरावटीखाली संवाद मात्र कमालीचे क्षुद्र असतात. (यॉर्गोसची भूमिका स्वतः दिग्दर्शकाने केली आहे आणि जेमतेम चार शब्दांत निभावली आहे.)

प्रतिसाद ३ :
पहिल्या प्रतिसादाशी मी अंशतःच सहमत आहे, कारण केवळ कंटाळ्याने सगळे उलगडत नाही. पश्चिम जर्मनीने १९६० साली ग्रीसशी कामगारभरतीचा करार केला. श्रम हवे होते, माणूस शेजारी नको होता. एलिझाबेथ यॉर्गोसकडून अवाच्या सवा भाडे उकळते, हे कळल्यावर तिच्यावर खवळलेली मंडळीच पैसा देशातच राहतो म्हणून समाधान मानतात. मला तो प्रसंग मारहाणीपेक्षाही अधिक हिंसक वाटतो. शिवाय फासबिंडर यॉर्गोसलाही साधुपुरुष करत नाहीत. कामावर तुर्की कामगार येणार म्हटल्यावर, त्याच्याबरोबर आपण काम करणार नाही, असे तो सरळ सांगून टाकतो.