मदत हवी आहे: जाड दंडासाठी बीपीचा मोठा पट्टा

मंडळी, घरच्या घरी बीपी कसं मोजावं याचं एक पानी पत्रक वस्तीतल्या ज्येष्ठांसाठी तयार करतोय. बाकी मजकूर जमलाय, पट्ट्यावर गाडी अडलीय.

यंत्रासोबत येणारा पट्टा बहुधा 22 ते 32 सेंमी घेराच्या दंडाला बसतो. घेर 36 असेल तर तोच पट्टा ओढूनताणून बांधला जातो, आकडा खोटाच चढा येतो आणि नसलेल्या बीपीची गोळी मागे लागते. मोठा पट्टा (32 ते 42) सुटा मिळतो, पण एका कंपनीचा दुसऱ्या यंत्राला जोडला तर आकड्याचा भरवसा नाही. घेर खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेपने मोजायचा, हे लिहिलंय.

पत्रकात आणखी: आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसणं (बोलत बोलत मोजणारेच जास्त!), पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, हात टेबलावर. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतराने दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. ती 135/85 किंवा वर गेली तर वही घेऊन डॉक्टरांकडे.

आता विचारायचं ते असं: मोठा पट्टा सोबतच देणारं, दंडावरचं, प्रमाणित यंत्र तालुक्याच्या औषध दुकानात कुणाला मिळालंय का? कितीला? आणि नाडी अनियमित असलेल्यांना तीनदा मोजायला सांगता, की थेट दवाखान्यात पाठवता? मनगटावरची यंत्रं कृपया सुचवू नका.