मदत हवी आहे : देहापासून जग घडल्याच्या कथांची तुलना

नमस्कार मंडळी,
आमच्या वाचनकट्ट्यावर मला विश्वोत्पत्तीच्या कथांवर बोलायचं आहे. विषय अफाट आहे, म्हणून एकच धागा धरलाय: एका महाकाय देहापासून घडलेलं जग.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तात (१०.९०) पुरुष या विराट आदिदेहाच्या मनापासून चंद्र, डोळ्यापासून सूर्य, श्वासापासून वायू आणि पायांपासून भूमी होते. नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) कथेत यमिर राक्षसाच्या रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचं आकाश आणि मेंदूचे ढग होतात. चीनच्या कथेतल्या पान्गू या आदिपुरुषाचेही डोळे सूर्य-चंद्र बनतात. बाबिलोनच्या 'एनुमा एलिश' या उत्पत्तिकाव्यात मार्दुक हा देव तिआमत या समुद्रदेवीला सुक्या मासळीसारखी उभी चिरतो आणि अर्ध्या भागाचं आकाश करतो.

साम्य चटकन दिसतं, पण मला फरकच जास्त मोलाचा वाटतो. देव पुरुषाचा यज्ञात बळी देतात, यमिरचा ओडिन हा देव आणि त्याचे भाऊ खून करतात, तिआमत युद्धात मरते, तर पान्गू आपल्या मरणाने मरतो. त्या-त्या समाजाला जग कशातून आलंसं वाटत होतं, ते इथंच कळतं ना?

आता अडलंय ते असं. पुरुष आणि यमिर यांचं मूळ एकच इंडो-युरोपीय (संस्कृत आणि बहुतेक युरोपीय भाषांच्या सामाईक पूर्वजांची) कथा, असं बरेच अभ्यासक मानतात. मग पान्गूचं काय? त्याची कथा लिखित स्वरूपात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली. ती भारतातून तिकडे गेली की स्वतंत्रपणे सुचली, यावर कुणी नीट वाचलंय का? मराठीतलं काही असेल तर फारच उत्तम, इंग्रजीही चालेल. आपल्याकडच्या आदिवासी उत्पत्तिकथांत असा देह येत असेल, तर तेही जरूर सांगा.