शब्दचर्चा : बेने इस्रायलांचा ‘मलिदा’, ‘रोजा’ आणि ‘मशीद’

शंका : कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाविषयी मराठीत लिहिताना ‘मलिदा’ या शब्दाचा अर्थ कंसात ‘प्रसाद’ आणि ‘रोजा’ या शब्दाचा अर्थ ‘उपवास’ असा दिला तर चालेल का? वर्तमानपत्री मराठीमुळे ‘मलिदा’ म्हटले की कंत्राटातला मलिदाच आठवतो, म्हणून खुलासा हवा आहे.

उत्तर : ‘प्रसाद’ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ शब्द फारसी असून त्यात चोळणे, मळणे, कुस्करणे असा अर्थ आहे. पोळी किंवा भाकरी कुस्करून तूप-गूळ घालून केलेला मलिदा दर्ग्यातही असतो, आणि फुकट मिळालेल्या लाभासाठी आपण तो शब्द वापरतो तोही याच गोडाच्या पदार्थावरून आलेला दिसतो. बेने इस्रायलांचा मलिदा मात्र भिजवलेल्या पोह्यांचा. त्यात ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुका मेवा घालतात, आणि ताटात भोवती निरनिराळी फळे व गुलाबाची फुले मांडतात. लग्न, सुंता, नव्या घरात राहायला जाणे, दुखण्यातून उठणे किंवा नवस फेडणे अशा प्रसंगी हा विधी होतो, आणि त्या संपूर्ण विधीलाही मलिदाच म्हणतात.

प्रसादाची कल्पना येथे का बसत नाही, हे ताटाकडे नीट पाहिले की कळते. प्रसाद आधी देवापुढे ठेवलेला असतो आणि मग तो भक्ताकडे येतो; मलिद्याचे ताट कोणाही पुढे नैवेद्य म्हणून ठेवलेले नसते. ज्यू आचारानुसार कोणताही पदार्थ तोंडात घालण्यापूर्वी तो निर्माण करणाऱ्याची स्तुती करायची असते, आणि पदार्थाच्या जातीप्रमाणे स्तुतीचे वाक्य बदलते. खजूर किंवा सफरचंद हातात घेतले की झाडाचे फळ निर्माण करणाऱ्याची स्तुती होते. केळ्याला मात्र जमिनीचे फळ म्हणून वेगळे वाक्य आहे, कारण एकदा घड दिला की केळीचा तो बुंधा संपतो आणि धर्मशास्त्र त्याला झाडात धरत नाही. पोह्यांना धान्याचे वाक्य, सुगंधी फुलाला सुगंधाचे. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसे ‘आमेन’ म्हणतात. त्यामुळे मलिदा म्हणजे एका अर्थी या आशीर्वचनांची एकत्र केलेली मांडणी आहे, आणि त्याचे वर्णन करताना ‘कृतज्ञतेचा विधी व त्यातील गोड पोहे’ असे लिहिणे मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

या विधीत एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया संदेष्ट्याचे, गीत गायले जाते आणि बेने इस्रायलांच्या अनेक घरांत त्याचे रथारूढ चित्रही लावलेले असते. अलिबागजवळच्या सागाव येथील खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी समाजात श्रद्धा आहे. हे वाचून शेजारच्या माणसाला तो या समाजाचा कुलदैवत वाटला तर नवल नाही. पण तो देव नव्हे. अग्निरथातून स्वर्गात गेलेला आणि मसीहाच्या, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहतात त्या तारणहाराच्या, आगमनाची वार्ता आणणारा हा संदेष्टा जगभरच्या ज्यूंना जवळचा आहे : वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या, रात्री त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात, सुंतेच्या वेळी त्याच्या नावाची खुर्ची असते. कोकणाने ती ओढ मलिद्याच्या रूपाने जपली. प्रार्थना एकाच ईश्वराची, आणि ‘शेमा इस्राएल’ हे त्या एकत्वाचे वाक्य येथेही म्हटलेच जाते.

आता ‘रोजा’. येथे ‘उपवास’ लिहिल्याने वाचक साबुदाण्याच्या खिचडीकडे जाईल, आणि ‘रोजा’ नुसताच ठेवला तर पहाटेच्या सहरीपासून संध्याकाळच्या इफ्तारपर्यंतचा काळ त्याच्या मनात येईल. योम किप्पुर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, ज्याला समाज ‘दारफळणीचा सण’ म्हणत आला, त्या दिवसाचा उपास सूर्यास्तापूर्वी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी तारे दिसल्यावर सुटतो. सुमारे 25 तास अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही नाही. म्हणून ‘निर्जळी’ हा आपला जुना शब्द येथे नेमका आहे. ज्यू पंचांगातील अव महिन्याच्या नवमीला, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतिदिनी, असाच निर्जळी उपास असतो. त्याचे कोकणी नाव ‘बिरड्याचा रोजा’. त्याच्या आधीच्या दिवसांत मांस वर्ज्य असते आणि म्हणून ताटात वालाचे बिरडे येते. शोकाच्या दिवसाला घरच्या कडधान्याचे नाव मिळावे, यात मला या समाजाची सारी कोकणी वस्ती दिसते.

पुरवणी प्रश्न : मग ‘रोजा’, ‘रमजान’, ‘काजी’ (समाजाचे धर्मकार्य पाहणारा) हे शब्द या समाजात आले म्हणजे या समाजावर इस्लामचा प्रभाव होता, असे म्हणावे का?

उत्तर : शब्दांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. एलुल महिन्यातील उपासांना पूर्वी ‘रमजान’ म्हणत, हे खरे. पण एलुल हा ज्यू नववर्षापूर्वीचा पश्चात्तापाचा महिना आहे आणि त्याचे कारण तोराह या ज्यू धर्मग्रंथाच्या परंपरेतच आहे. शेजाऱ्याला समजेल असा शब्द घेतला, आचार आपला ठेवला. मुंबईत मांडवी भागात 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेल्या ‘शाअर हारहमीम’ या सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनागृहाला, लोक ‘जुनी मशीद’ म्हणत. पुण्यात बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांनी उभारलेल्या ‘ओहेल डेव्हिड’ सिनेगॉगला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात. एकाच धर्माच्या प्रार्थनागृहाला एका शहरात मशीद आणि दुसऱ्या शहरात देऊळ म्हटले गेले, म्हणून तेथील प्रार्थना बदलली नाही. दोन्ही ठिकाणी मूर्ती नाही, तोराहच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट आहे आणि प्रार्थना करणाऱ्यांची तोंडे जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला असतात.

शेजाऱ्यांनी दिलेले ‘शनिवार तेली’ हे नावही याच दृष्टीने वाचावे. तेलाचा घाणा चालवणारी ही माणसे शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होतो, हे बाहेरच्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला थांबलेला घाणा दिसत होता. टीप लिहिताना ‘शनिवारची सुट्टी’ न लिहिता ‘शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतची पवित्र विश्रांती’ असे लिहावे, आणि मूळ शब्द ‘शब्बाथ’ तसाच ठेवावा.