घडवलेल्या खलांना मराठीत काय म्हणावं?

फोंडा, प्रश्न विचारणारी

मंडळी, एका शब्दापाशी तीन आठवडे अडून बसले आहे, म्हणून इथे येते.

दर रविवारी दुपारी आम्ही सहाजण मराठीतून विज्ञानकथेचा भूमिका-खेळ खेळतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, गोष्ट तोंडी पुढे न्यायची आणि जिथे निकाल अडेल तिथे वीस पैलूंचा फासा टाकायचा. हा प्रकार 1974 साली अमेरिकेत छापून आला तेव्हा त्यात तलवारी आणि ड्रॅगन होते. अंतराळातला ‘ट्रॅव्हलर’ 1977 मधला. आमचा खेळ मात्र घरचाच, मीच लिहिलेला. गोष्ट चालवणाऱ्याला आम्ही ‘सूत्रधार’ म्हणतो. जत्रेतले दशावतारी काले बघत वाढलेल्या पोरांना तो शब्द समजावून सांगावा लागला नाही.

गोष्ट शनीच्या टायटन या चंद्रावर घडते. तिथे उणे 179 अंश थंडी, मिथेनची तळी आणि पृथ्वीच्या सातव्या हिश्शाइतकंच वजन. अंतराळवीर वजनरहित अवस्थेत राहिले तर दर महिन्याला त्यांच्या कंबर-मांडीच्या हाडांची घनता टक्का-दीड टक्का उतरते. टायटनवर आयुष्य काढायचं तर हाडांचं काय होणार? म्हणून माझ्या गोष्टीतल्या खाण कंपनीने हाडं न झिजणारी, कमी झोपणारी, थंडीला न दमणारी बारा माणसं प्रयोगशाळेत घडवली. बाराही एकाच पेशीपासून. पुढे ती उलटली, वस्ती ताब्यात घेतली आणि आता खेळाडूंच्या विरोधात उभी आहेत.

यांना म्हणायचं काय? ‘जनुकीय अभियांत्रिकीने निर्मित’ हे टेबलावरून ओरडता येत नाही. ‘जनुकसंस्कारित’ म्हटलं की शुभंकरोती म्हणणारं मूल डोळ्यापुढे येतं. ‘अभियंत्रित’मध्ये यंत्र डोकावतं, आणि हे लोक हाडामांसाचे आहेत. शेवटी सोय म्हणून मी ‘राक्षस’ म्हणू लागले, आणि तिथेच चूक झाली. मागच्या खेपेला त्या बारांपैकी एक जण हात वर करून बोलायला पुढे आला. आमच्यातला नववीतला मुलगा फासा मुठीत खुळखुळवत म्हणाला, “ताई, राक्षसच ना तो? मग बोलायचं कशाला? मारूया.” फासा पडला, सतरा. तो बारावा माणूस काय सांगायला आला होता ते कुणाला कळलंच नाही. मी ते पान लिहून ठेवलं होतं, अजून वहीत तसंच आहे.

त्या मुलाचं काहीच चुकलं नाही. मी दिलेल्या शब्दाप्रमाणे तो वागला.

म्हापसा, निवृत्त मराठी शिक्षक

बाय, तुमचं निदान बरोबर आहे. राक्षस, असुर, दैत्य हे कुळवाचक शब्द आहेत. त्यांत जन्म आधी येतो आणि वागणं मागून. दशावतारात संकासुर रंगमंचावर आला की त्याचा शेवट काय होणार ते पोरासोरांनाही ठाऊक असतं. कितीही हसवलं तरी तो मरायलाच आलेला असतो.

‘खल’ची गोष्ट वेगळी. खल हा वागण्यावरून पडलेला शब्द आहे. शके 1212 मधलं पसायदान आपण सगळे म्हणतो, ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. खळ मरोत असं ज्ञानदेव म्हणत नाहीत. त्यांच्यातला वाकडेपणा गळून पडो आणि ‘तयां सत्कर्मी रती वाढो’ असं मागतात. म्हणजे खळ माणूस उरतो, त्याची व्यंकटी जाते. एवढी जागा राक्षस या शब्दात नाही.

इंग्रजी ‘व्हिलन’ आणि पोर्तुगीज ‘व्हिलांव’ या दोन्ही शब्दांची मुळं लॅटिनमधल्या ‘व्हिला’त, म्हणजे जमीनदाराच्या शेतवाडीत आहेत. व्हिलन हा मुळात त्या वाडीला बांधलेला शेतमजूर. मालकांच्या तोंडी तो आधी गावंढळ झाला, मग हलकट आणि शेवटी खलपुरुष. ‘रोबोट’चंही तसंच. 1920 साली लिहिलेल्या एका चेक नाटकातून तो जगात पसरला आणि त्याचं मूळ वेठबिगारीच्या चेक शब्दात आहे. त्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नव्हते, कारखान्यात बनवलेल्या मांसाचे होते. तुमच्या बारांचे सख्खे पूर्वज म्हणा.

तेव्हा मला वाटतं, शब्द निवडताना त्यात घडवणाऱ्याचा हात दिसला पाहिजे. ‘घडीव’ कसा वाटतो? आपल्याकडे देवळात घडीव मूर्ती आणि स्वयंभू पाषाण हा भेद सर्वांना माहीत आहे.

डिचोली, खेळाडू

ताई, मी त्याच टेबलावर असते म्हणून बोलते. ‘घडीव’ छान आहे, पण मग आपण साधी माणसं ‘स्वयंभू’ होणार. ते फार मोठं होतं.

मागे माझ्या मनात दोन शब्द आले होते. एक ‘देवचार’. आजीला सांगितलं तर ती रागावली. देवचार गावाचा राखणदार. रात्री हातात दांडा घेऊन शिवेवर फिरतो, वाट चुकलेल्याला घरी सोडतो. त्याला खल कसा करणार? वेताळाचंही तेच. बाहेरच्यांना तो भुताखेतांतला वाटतो, पण आमोण्याला, लोलयेला, पैंगीणला तो देव आहे. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक नव्या वाहतात.

दुसरा शब्द ‘मुंडकार’. मालकाच्या जागेत राहायचं, मालकासाठी राबायचं, घर आपलं पण जमीन आपली नाही. त्या बारांची गत अगदी तीच आहे.

फोंडा, प्रश्न विचारणारी

मुंडकार नको गं. अर्थ चपखल आहे हे कबूल, पण तो जिवंत माणसांचा शब्द आहे. 1975 चा मुंडकार कायदा झाल्यावरही घराखालच्या जमिनीसाठी खेपा घालणारी कुटुंबं आपल्या ओळखीची आहेत. खेळातल्या खलाला त्यांचं नाव लागलं तर पुन्हा व्हिलनचीच गोष्ट होईल, राबणाऱ्याचं नाव दुष्टाला. ते माझ्या हातून व्हायला नको.

‘संकरित’ही तपासून पाहिला. दुभत्या गाईला आणि मक्याच्या बियाण्याला तो चालतो, माणसाला लावला की गीतेच्या पहिल्या अध्यायातला ‘वर्णसंकर’ उभा राहतो. शिवाय ही बारा माणसं कशाचा संकर नाहीतच, ती एकाच्या बारा प्रती आहेत.

पेडणे, बागायतदार

मी भाषेतला नव्हे, झाडांतला माणूस. चाळीस वर्षं आंब्याची कलमं बांधतो. पण तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. एकाच्या बारा प्रती म्हणजे कलमंच की!

कोयीपासून उगवलेलं झाड आईसारखंच निपजेल याचा भरवसा नाही. तो आमचा रायवळ. आवडलेल्या झाडाची हुबेहूब जात हवी तर काडी घ्यावी लागते. पेन्सिलीएवढ्या जाडीची निबर काडी निवडायची, आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटायची म्हणजे डोळा फुगतो. रायवळ कोयीच्या रोपाचा शेंडा उडवून मधोमध चीर द्यायची. काडीला दोन बाजूंनी तिरके काप देऊन पाचर करायची. पाचर चिरेत बसवली की सालीला साल जुळली पाहिजे, निदान एका अंगाने तरी. मग प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर आवळत न्यायचं, पाणी आत जाता कामा नये. तीन आठवड्यांत हिरवा कोंब दिसला की कलम धरलं. खालचा तो खुंट, वरची ती काडी. सांधा पुढे कित्येक वर्षं गाठीसारखा दिसतो. मोठ्या झाडाच्या बुंध्यावर हात फिरवलात तरी कळेल.

ही विद्या गोव्याच्या आंब्यात पोर्तुगीज अमदानीत जेझुइट पाद्र्यांनी रुजवली. हापूसला आफोंसो हे पोर्तुगीज नाव मिळालं ते तेव्हाचंच. आणि आपला मानकुराद म्हणजे ‘माल्कोराद’, रंग नीट न चढलेला. आज त्याच्या पहिल्या डझनाला लोक काय भाव देतात ते तुम्ही म्हापशाच्या बाजारात बघता.

म्हणून मी म्हणतो, तुमच्या त्या बारांना ‘कलमी’ म्हणा. ती लोकं पृथ्वीवरून आलेल्यांना हिणवताना ‘रायवळ’ म्हणतील. बाजारात कलमी महाग, रायवळ स्वस्त. त्यांचा गर्वही त्यात आला.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. कलमाला खुंटातून फूट येते. ती वेळच्या वेळी खुडली नाही तर खुंट काडीला मारतो आणि झाड रायवळ होऊन बसतं. मालक म्हणतो झाड बिघडलं. माझ्या मते झाड बिघडलेलं नसतं, खाली होतं ते वर आलेलं असतं.

फोंडा, प्रश्न विचारणारी

काका, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना वही पुढे घेऊन बसले.

‘कलमी’चा मला आणखी एक आधार सापडला. ‘क्लोन’ हा शब्द आज मेंढीच्या नावाने लोकांना माहीत आहे, डॉली 1996 साली स्कॉटलंडमध्ये जन्मली. पण तो शब्द प्राण्यांचा नव्हताच. 1903 साली हर्बर्ट वेबर नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने ग्रीकमधल्या डहाळीच्या शब्दावरून तो घडवला. काडी लावून, कलम बांधून, कंद लावून वाढवलेल्या झाडांसाठी. म्हणजे इंग्रजीतही शब्द बागेतून प्रयोगशाळेत गेला. आपण ‘कलमी’ म्हटलं तर त्याच वाटेने जाऊ, भाषांतर केल्यासारखं होणार नाही.

शिवाय कलम म्हणजे लेखणी. अरबी ‘कलम’, त्याच्याही मागे ग्रीकमधला बोरूचा शब्द. कायद्याचंही कलम असतं. माझ्या गोष्टीत त्या बाराजणांच्या जन्माआधीच कंपनीने करार लिहून ठेवला आहे, त्यात त्यांचं आयुष्य कलम चार ते कलम नऊ असं वाटून दिलंय. हे मी आधी लिहिलं होतं, तेव्हा हा शब्द डोक्यातही नव्हता.

म्हापसा, निवृत्त मराठी शिक्षक

बागायतदारांपुढे माझा ‘घडीव’ मागे घेतो, आणि आनंदाने घेतो.

फक्त व्याकरण आधी पक्कं करा, नाहीतर खेळताना अडखळाल. ‘कलमी’ विशेषण म्हणून बदलत नाही. कलमी आंबा, कलमी आंब्याने, तसाच कलमी पुरुष, कलमी पुरुषाने. नाम म्हणून वापरलात तर दोन वाटा आहेत. माळी, गवंडी यांच्याप्रमाणे चालवलंत तर ‘कलम्याने दार उघडलं’, ‘कलम्यांनी वस्ती घेतली’. ‘आदिवासी’प्रमाणे चालवलंत तर ‘कलमीने’, ‘कलमींनी’. माझा कौल पहिल्याला. ‘कलमींनी’ पुस्तकी वाटतं आणि एकवचनात ‘कलमीने’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला बाई वाटेल. स्त्रीसाठी माळीण तशी ‘कलमीण’.

‘कलमी खल’ असा जोडशब्द मात्र करू नका. त्यांचं कलमीपण जन्माचं आहे, खलपण नंतरचं. दोन शब्द एकमेकांना चिकटले की राक्षस परत आला.

डिचोली, खेळाडू

मास्तर, ‘कलम्या’ जरा टोपणनावासारखं लागतं, वर्गातल्या मुलाला हाक मारावी तसं. पण वाईट नाही. शत्रूला कुणी तरी नावाने हाक मारतंय असं वाटतं.

आमच्या घरी ‘रायवळ’ कुणी म्हणत नाही. आमची ती ‘घोटां’, सासव नावाच्या मोहरी-खोबऱ्याच्या कालवणात घालतो ते छोटे आंबे. पण अर्थ लगेच कळला, आजीलासुद्धा.

फोंडा, प्रश्न विचारणारी

मग ठरलं. समूहाचं नाव ‘कलमी’, सामान्यरूप ‘कलम्या-’. त्यांच्या तोंडी पृथ्वीवाले ‘रायवळ’. खाण कंपनीतल्या शास्त्रज्ञांना ते ‘बांधणारे’ म्हणतील, कारण कलम बांधतात. ज्या मूळ माणसाची पेशी घेतली तो ‘मातृवृक्ष’ न म्हणता नुसतं ‘झाड’. “आमचं झाड कोण होतं?” हा प्रश्न त्यांच्यातला प्रत्येकजण कधी ना कधी विचारेल.

‘खुंट फुटणे’ हा वाक्प्रचारही घेते. कलम्यांपैकी एखाद्याच्या मनात कंपनीने न घातलेलं काही उगवलं की बाकीचे दबक्या आवाजात म्हणतील, “त्याचा खुंट फुटला.” काका, हे तुमचं म्हणून पहिल्या पानावर लिहीन.

वहीतलं ते पानही काढलंय. हात वर करून आला होता तो बारावा मेला, तो परत येणार नाही, खेळाचा नियम आहे. पण चेहरा सगळ्यांचा एकच. या रविवारी अकरावा येईल, कलमी, तसाच हात वर करून, आणि त्याला तेच सांगायचं असेल. नववीतला तो मुलगा माझ्या समोरच बसतो.