रानातले हत्ती पाहायचे आहेत: श्रीलंका, थायलंड, काझीरंगा की कबिनी?

बजाजनगरकर (नागपूर)

नमस्कार मंडळी. ताडोबा, पेंच, नागझिरा आणि उमरेड-कऱ्हांडला ही सगळी जंगले सकाळी निघून सफारीच्या वेळेला पोहोचता येईल इतकी जवळ असल्यामुळे आमच्या घरात वाघ सगळ्यांनी पाहिलेला आहे, अगदी अकरा वर्षांच्या मुलीनेसुद्धा. मोकळ्या रानात फिरणारा हत्ती मात्र आजवर कोणीही पाहिलेला नाही. त्यामुळे येत्या दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत खास हत्तींसाठी, आणि जमल्यास आपल्याकडे न दिसणाऱ्या इतर प्राण्यांसाठी, आठवडाभराचा प्रवास करावा असा विचार आहे.

सीताबर्डीवरच्या एका प्रवासी कंपनीने थायलंडची सहल सुचवली असून तीत हत्तीला आंघोळ घालणे, त्याला केळी भरवणे आणि त्याच्यासोबत छायाचित्रे काढणे यांचा समावेश आहे. मुलीला ही कल्पना फार आवडली आहे. पत्नीचा मात्र तिला विरोध आहे, कारण पाळीव हत्तीच पाहायचा असेल तर त्यासाठी पासपोर्ट कशाला हवा, असे तिचे म्हणणे आहे. मित्रमंडळींपैकी कोणी श्रीलंकेचे नाव घेतात, कोणी काझीरंग्याचे. आमच्यासोबत सत्तरी ओलांडलेली आई असेल. तिची प्रकृती उत्तम आहे, परंतु गुडघ्यांचा त्रास असल्याने उघड्या जीपमध्ये चार-चार तास धक्के खाणे तिला झेपणार नाही. प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सातपुड्याचा वाटसरू

दादा, आधी ठिकाण ठरवून मग सुट्टीची तारीख पाहण्याऐवजी तुम्ही उलट क्रमाने विचार करावा, असे मी सुचवेन. वाघ आपल्या हद्दीत बाराही महिने राहतो, त्यामुळे ताडोब्यात आपण कधीही गेलो तरी थोडीफार आशा असते. हत्तींचा कळप चारा आणि पाणी यांच्यामागे ठिकाणे बदलत राहतो. ज्या महिन्यात एखाद्या मोठ्या जलाशयाचे पाणी मागे सरकते आणि ओल्या तळावर कोवळे गवत उगवते, त्या महिन्यात आजूबाजूच्या जंगलातले कळप तिथे एकत्र येतात, आणि पाऊस पडून सगळीकडे चारा झाला की पुन्हा पांगतात. आशियातल्या हत्ती पाहण्याच्या अनेक नावाजलेल्या जागांचे गणित एवढ्या एका गोष्टीवर चालते.

श्रीलंकेतील मिन्नेरियाचे उदाहरण घ्या. तिसऱ्या शतकात राजा महासेनाने भातशेतीसाठी बांधलेला हा तलाव आहे. भंडारा-गोंदियाकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ज्यांनी पाहिले आहेत त्यांनी तसाच एक तलाव कैक पटींनी मोठा करून डोळ्यांसमोर आणावा. जुलैपासून त्याचे पाणी उतरू लागते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात शेकडो हत्ती त्याच्या उघड्या पडलेल्या तळावर चरताना दिसतात. आशियाई हत्तींचा एवढा मोठा मेळावा इतरत्र पाहायला मिळत नाही. आपली अडचण अशी की ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या मुलांच्या शाळा सुरू असतात. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्याला आली तर मेळाव्याचा शेवटचा भाग तुमच्या वाट्याला येऊ शकेल. नोव्हेंबरात आली तर त्या भागात ईशान्य मोसमी पाऊस सुरू झालेला असतो आणि कळप पांगलेले असतात. आणखी एक गोष्ट सहलवाले सहसा सांगत नाहीत. अलीकडे मोरगहकंद धरणाचे पाणी या तलावात सोडले जाऊ लागल्यामुळे काही वर्षी ऐन हंगामातही गवत पाण्याखाली राहते आणि हत्ती शेजारच्या कौडुल्ला किंवा हुरुलूच्या जंगलाकडे वळतात. म्हणून तिथे उतरल्यावर जीपवाल्याने ज्या उद्यानाचे नाव सांगितले तिथे जावे, आपण ठरवून आलेल्या नावाचा हट्ट धरू नये.

याउलट दक्षिणेकडील उडवालवे येथे वर्षभर हत्ती दिसतात, त्यामुळे नोव्हेंबर असो वा मे, श्रीलंकेचे ठरल्यास मी तुम्हाला तिथेच पाठवीन. उद्यानाजवळ अनाथ पिल्लांचे एक केंद्र आहे. तेथील पिल्ले मोठी झाली की त्यांना जंगलात सोडले जाते, त्यामुळे पाहुण्यांना त्यांना हात लावू देत नाहीत. ठरावीक वेळी दूध पाजले जाते, ते दुरून पाहायचे असते. तुमच्या मुलीला हा कार्यक्रम आंघोळीपेक्षा कमी आवडेल असे मला वाटत नाही. उद्यानाच्या कुंपणालगतच्या रस्त्यावर मात्र काही हत्ती फळांसाठी उभे राहायला शिकले आहेत. त्यांना काहीही देऊ नये, मग जीपवाला कितीही आग्रह करो.

श्रीलंका हा देश आपल्या विदर्भापेक्षाही लहान आहे आणि २०११ साली तेथे झालेल्या गणनेत ५,८७९ हत्ती मोजले गेले होते, यावरून तिथे हत्ती दिसण्याची शक्यता किती आहे याचा अंदाज यावा. छायाचित्रांतल्यासारखे मोठे सुळे मात्र तेथील फारच थोड्या नरांना असतात, ही अपेक्षा आधीच कमी करून घ्यावी. दोन दिवस हाताशी असतील तर ‘याला’ नावाचे उद्यानही जोडता येईल. त्या बेटावर वाघ नसल्यामुळे बिबट्याच सर्वांत मोठा शिकारी आहे आणि तो आपल्याकडच्या बिबट्यापेक्षा बराच निर्धास्तपणे वावरतो. याला उद्यानाचा मुख्य भाग कोरड्या हंगामाच्या शेवटी, साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, बहुतेक वर्षी बंद असतो. कोलंबोला नागपूरहून थेट विमान नाही, चेन्नई किंवा मुंबईमार्गे जावे लागते.

मे महिन्यात जायचे असेल तर परदेशाचा विचारच सोडून द्या आणि कबिनी गाठा. नागरहोळे आणि बंदीपूर यांच्यामध्ये असलेल्या या जलाशयाचे पाणी मार्चपासून उतरू लागते आणि एप्रिल-मे महिन्यांत दोन्ही बाजूंचे कळप काठावर येतात. तो उन्हाळा तिकडच्या लोकांना कडक वाटतो. आपण नागपूरकरांनी त्याला उन्हाळा म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे. उत्तरेकडे कॉर्बेटच्या ढिकाला भागातही रामगंगेच्या जलाशयाकाठी एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत हेच दृश्य दिसते. तो भाग १५ जूनला बंद होऊन १५ नोव्हेंबरला उघडतो, म्हणून दिवाळीसाठी तो बहुधा उपयोगाचा नाही.

निवृत्त पशुवैद्यक

वरील उत्तर उत्तम आहे, म्हणून मी फक्त थायलंडविषयी लिहितो. तुमच्या पत्नीचा विरोध योग्य आहे, पण त्यामागचे कारण पासपोर्टच्या खर्चापेक्षा मोठे आहे.

थायलंडमध्ये पूर्वी हजारो हत्ती जंगलातले ओंडके ओढण्याचे काम करीत असत. आपल्या गडचिरोलीतील कमलापूरच्या वन विभागाच्या हत्तींनीही एकेकाळी हेच काम केले आहे. १९८९ साली थायलंडने नैसर्गिक जंगलातील लाकूडतोडीवर बंदी घातली. जंगलांसाठी ती आवश्यकच होती, परंतु त्यामुळे हत्ती आणि माहूत एकाच वेळी बेकार झाले. एका हत्तीला रोज दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, आणि तो आणायचा कुठून या प्रश्नाचे उत्तर पर्यटनाने दिले. म्हणून सगळे छावणीवाले क्रूर आहेत, असे मी म्हणणार नाही. पण अनोळखी माणसांच्या घोळक्यात निमूटपणे उभा राहणारा हत्ती त्या अवस्थेला कसा येतो, हे पाहुण्याला कोणी सांगत नाही. लहान पिल्लाला आईपासून तोडून, बांधून, अंकुशाच्या धाकाने वळण लावण्याची पद्धत तिकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. शिवाय गर्दीच्या छावणीत त्याच हत्तीला दिवसभरात एकामागून एक गट आंघोळ घालतात. त्याला स्वतःला पाण्यात उतरायचे आहे की नाही, हे कोणी विचारत नाही.

धोका माणसालाही आहे. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडच्या को याओ बेटावर हत्तीला आंघोळ घालत असताना हत्तीच्या हल्ल्यात एका स्पॅनिश तरुणीचा मृत्यू झाला. क्षयरोगाचा संसर्ग माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला होऊ शकतो, ही गोष्टही वृद्ध व्यक्ती सोबत असताना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तरीही थायलंडलाच जायचे असेल तर छावणीच्या पाटीवर ‘अभयारण्य’ लिहिले आहे की नाही यावर विसंबू नये, कारण ती पाटी कोणीही लावू शकतो. हत्तीवर बसणे, आंघोळ आणि चित्रे काढण्याचे खेळ यांपैकी काहीही तिथे होत असेल तर दुसरीकडे चौकशी करावी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कुई बुरी राष्ट्रीय उद्यान. बँकॉकच्या दक्षिणेला, हुआ हिनच्या पुढे असलेल्या या उद्यानात दुपारनंतर स्थानिक मार्गदर्शकासह गाडीतून नेतात आणि डोंगरउतारावर चरणारे रानटी हत्ती व गवे दाखवतात. केवळ थायलंडला नावे ठेवणेही बरोबर नाही; हत्तीच्या पाठीवरची सफारी आपल्या काझीरंग्यात आणि नेपाळच्या चितवनमध्येही चालते. तिथेही जीपच घ्यावी, असे माझे मत आहे.

महाल_इतवारी

एवढा खर्च कशासाठी करायचा? रानटी हत्ती आता आपल्या गडचिरोलीतच आले आहेत. गाडी काढावी, कुरखेड्याकडे जावे आणि गावकऱ्यांना विचारावे.

गोंडवनातली (गडचिरोली)

दादा, कृपा करून असे कोणाला सुचवू नका. २०२१ च्या पावसाळ्यानंतर ओडिशातून निघालेला कळप छत्तीसगडमार्गे आमच्या जिल्ह्यात आला आणि पुढे गोंदिया-भंडाऱ्यापर्यंतही फिरून आला. इथल्या लोकांना हत्तींची सवय नव्हती आणि हत्तींनाही या गावांची माहिती नव्हती. धानाची उभी शेते तुडवली गेली, घरे पडली आणि माणसेही दगावली. कळप कुठे आहे याचा निरोप रात्री गावोगाव पाठवला जातो तो लोकांनी त्या बाजूला जाऊ नये म्हणून, आणि नेमका त्याच निरोपाच्या आधारे बाहेरून दुचाक्या व मोटारी येऊन कळपाभोवती गोळा होतात. त्या गडबडीत बिथरलेला हत्ती पाहुण्यांच्या मागे नागपूरपर्यंत येत नाही. तो शेजारच्या टोल्यावर जातो. इथे ना सफारीचा मार्ग आखलेला आहे, ना सोबत प्रशिक्षित मार्गदर्शक असतो.

ताडोब्याची सवय असलेल्यांसाठी एक सूचना. वाघ दिसला की आपण जिप्सी पुढे घ्यायला सांगतो. हत्तीच्या बाबतीत गाडी मागे घेण्याची तयारी ठेवावी लागते. कान पसरून, मान उंच करून तो तुमच्याकडे तोंड करून उभा राहिला तर त्याला जागा हवी आहे. डोळा आणि कान यांच्या मधल्या भागातून काळसर ओघळ येत असेल तर नर माजावर आहे असे समजावे आणि थांबूच नये. कळपाचे नेतृत्व वयस्क हत्तिणीकडे असते. तिने पिल्लांना मध्ये घेतले आणि इतर माद्या बाहेरून उभ्या राहिल्या, तर त्यांची वाट अडलेली आहे का हे पाहून गाडी बाजूला घ्यायला सांगावे.

बजाजनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. थायलंडची सहल रद्द केली आहे आणि गडचिरोलीला जाण्याचा विचार आमच्या मनात नव्हताच. आता कबिनी आणि काझीरंगा हे दोन पर्याय उरले आहेत. आईच्या गुडघ्यांचा विचार करता यांपैकी कोणते ठिकाण बरे पडेल?

ब्रह्मपुत्रेची_लेक (माहेर जोरहाट, सासर नागपूर)

काझीरंगा माझ्या माहेराजवळ आहे, तरीही तुमच्या आईसाठी मी कबिनीच सुचवीन. तिथे जीपखेरीज मोठ्या नावेतूनही सफारी होते. नाव काठाने सावकाश जाते, धक्के बसत नाहीत आणि पाण्यावर आलेले हत्ती समोरच दिसतात. नागपूरहून बंगळूरपर्यंत रेल्वे किंवा विमान आणि तेथून मैसूरमार्गे मोटार असा प्रवास सोपा आहे. नाव आणि जीप यांच्या जागा मे महिन्यात लवकर भरतात. आरक्षण करण्यापूर्वी सफारी सुरू आहेत ना, याची कर्नाटक वन विभागाकडे खात्री करून घ्यावी.

काझीरंगा दिवाळीला गेंड्यांसाठी जरूर पाहावा. २०२२ च्या गणनेत तिथे २,६१३ गेंडे नोंदले गेले होते आणि बागोरी भागात ते रस्त्यावरून सहज दिसतात. हत्तीही आहेत, पण पावसाळ्यानंतर गवत इतके उंच असते की अख्खा कळप शेजारून गेला तरी फक्त पाठी दिसतात. गवत जाळल्यानंतरचे फेब्रुवारी-मार्च हे महिने त्यासाठी उत्तम. कान्ह्याचा बारशिंगा तुम्ही पाहिला असेलच. तो कठीण जमिनीवर राहणारा आहे. काझीरंग्यात त्याचा दलदलीत राहणारा भाऊबंद दिसतो, शिवाय रानम्हैसही. जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्यात हूलॉक गिबन हा भारतात आढळणारा बिनशेपटीचा वानर पाहता येतो, परंतु तिथे पायी चालावे लागते, म्हणून त्या सकाळी आईंना मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवावे.

पुढे कधी परदेशाचे जमले तर बोर्निओतील किनाबातांगन नदीचा विचार करा. दोन्ही बाजूंना तेलताडाच्या बागा असल्यामुळे जंगलाची अरुंद पट्टीच उरली आहे आणि प्राणी नदीकाठी येतात. लहान चणीचे हत्ती, ओरांगउटान आणि संध्याकाळी काठावरच्या झाडांवर झोपायला येणारी लांब नाकाची माकडे हे सगळे नावेत बसूनच पाहायचे असते, त्यामुळे आईंनाही नेता येईल. मात्र हत्ती त्या पट्टीत सतत फिरत असतात, तेव्हा मुक्काम एका रात्रीचा न ठेवता निदान तीन रात्रींचा ठेवावा.